दाराच्या पोटातली काच

इथला सावन सुरू झाला होता आणि आमचा श्रावण लागायला अजून आठवडा होता. दोन्ही पंचांगे एकाच घरात सांभाळणाऱ्या इंदूरच्या मराठी माणसाला या पंधरा दिवसांच्या फरकाची सवय असते. गर्दी कमी असेल या हिशेबाने आईला घेऊन मी ओंकारेश्वरला निघाले ते याच मधल्या दिवसांत. सिमरोल मागे पडून भेरूघाटाची वळणे सुरू झाली, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढल्या दारातून दोन वेगवेगळे आवाज येऊ लागले. एक होता खुळखुळण्याचा, आणि दुसरा, गाडी वळणावर कलली की येणारा, पाणी डुचमळण्याचा. आई त्याच दाराशी बसली होती. "दारात कुणी पैंजण घालून बसलंय का गं?" असे तिने विचारले, आणि थोड्या वेळाने पाय वर घेत म्हणाली, "खालचं पायपुसणं ओलं लागतंय."

पैंजणांचा उगम मला ठाऊक होता. तीन आठवड्यांपूर्वी रामबागेतल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या गच्चीवरचा दिवा दुरुस्त होत असताना ॲल्युमिनियमची शिडी घसरली आणि तिचे टोक आमच्या उभ्या गाडीच्या काचेच्या कोपऱ्यावर टेकले. आपटले म्हणावे इतकाही जोर त्यात नव्हता. तरीही क्षणार्धात अख्खी काच साबुदाण्यासारखी झाली, काही आसनावर सांडली, काही रस्त्यावर, आणि उरलेली दाराच्या आत गडप झाली. दुसऱ्या दिवशी एका दुकानात नवी काच बसवून घेतली. तिथल्या मुलाने आसनावरून ब्रश फिरवला, "हो गया मैडम" म्हटले, आणि मीही काच वरखाली करून पाहून पैसे दिले. आत किती राहिली हे विचारण्याचे मला सुचले नाही आणि सांगण्याची त्याला गरज वाटली नाही.

गाडीच्या बाजूच्या काचेची मोडण्याची रीत एकदा समजली की तिचा इतका मोठा भाग दाराच्या पोटात का जातो हे आपोआप कळते. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर दाबून केलेली असते, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा मात्र बहुधा एकेरी असतात आणि त्या ६०० अंश सेल्सियसहून अधिक तापवून, दोन्ही अंगांनी गार हवेचे झोत सोडून एकदम थंड केलेल्या असतात. पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून आकसतो, आणि आकसताना तो पृष्ठभागाला आत ओढून धरतो. परिणामी बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला गाभा कायम ताणाखाली राहतो. दाबाखालच्या पृष्ठभागावर चीर सहजासहजी पडत नाही, म्हणून अशी काच साध्या काचेच्या सुमारे चौपट मजबूत असते. पण एखादे कठीण टोक कडेला किंवा कोपऱ्याला बोचून चीर त्या ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोहोचली, की साठवलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि चीर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटे फोडत साऱ्या काचेभर पसरते. काचेवर तळहाताने कितीही थापट्या माराव्यात, तिला काही होत नाही. शिडीच्या टोकाने मात्र ती संपते. फ्रान्समधील रोयेर द ला बास्ती याने तापवून एकदम थंड केलेल्या कणखर काचेचे पेटंट १८७४ साली घेतले, त्या वेळी तो तापलेली काच तेलात बुडवीत असे. हवेचे झोत नंतर आले.

सुरे निघण्याऐवजी दाणे निघावेत हाच या काचेचा उद्देश आहे आणि तो चांगला आहे. पण दाणे वाहतात. काच वर चढवलेली असली तरी तिची खालची कड दाराच्या आतच, काच वरखाली करणाऱ्या मशीनला धरून असते. ती मोडली की तो भाग सरळ तळाला जातो आणि वरचे दाणेही खिडकीच्या फटीतून त्याच वाटेने खाली उतरतात. ही फट बंद नसतेच. बाहेरची रबरी पट्टी पावसाचे बरेचसे पाणी अडवते, सगळे अडवत नाही, आणि तिने सगळे अडवावे अशी गाडी बनवणाऱ्यांचीही अपेक्षा नसते. दारात पाणी शिरणारच हे गृहीत धरून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात, आणि आतल्या बाजूला प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, म्हणजे आत आलेले पाणी बसणाऱ्याच्या पायांवर न येता तळाशी जाऊन बाहेर पडेल. जुन्या वाड्यांच्या दोन उतरत्या छपरांमध्ये पन्हळ असे, तसेच हे काम आहे, आणि पन्हळीत पालापाचोळा अडकला की वाड्याचे जे होई तेच आमच्या दाराचे झाले होते.

तेव्हा दाराचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, उघडायचे ठरले. त्याच दुकानात परत जावे असे घरातल्यांचे म्हणणे होते. ज्याने पहिल्यांदा आत पाहिले नाही तो दुसऱ्यांदा पाहील यावर माझा विश्वास बसेना. मामाला फोन केला. मामा एका कापड गिरणीत फिटर होता, गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण त्याच्या पान्यांच्या पेटीला अजून तेलाचा वास येतो. रविवारी सकाळी उसळ-पोहे खाऊन तो आला आणि त्याने पहिले वाक्य असे उच्चारले, "जोर लावण्याआधी स्क्रू शोध. पॅड मोडतं ते न दिसलेल्या स्क्रूमुळे."

आधी कोरडा दिवस पाहावा. आम्हाला पावसाची उघडीप मिळाली होती. काच पूर्ण वर चढवून घेतली, म्हणजे दाराचे पोट रिकामे राहते आणि हात घालायला जागा मिळते, आणि ती चुकून खाली येऊ नये म्हणून चौकटीच्या वरच्या कडेला तिला रुंद कागदी चिकटपट्टी लावली. त्यानंतर १० नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजू सोडवली. दारात विजेच्या खिडकीची बटणे, आरशाची तार, स्पीकर अशी वायरिंग असते. शिवाय काही नव्या गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा संवेदक बसवलेला असतो. दार चेपले की आतल्या हवेचा दाब एकदम वाढतो आणि त्यावरून त्याला धडक कळते. अशा गाडीत बॅटरी काढून माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय दाराला हात लावू नये, आणि आतला पडदा किंवा झाकणे होती तशी हवाबंद करता येणार नसतील तर हे काम घरी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची गाडी २०१३ सालची, साधी. तिच्यात हे काही नाही.

हातमोजे सियागंजातून आणले होते, जाड, तळव्याला रबर लावलेले. डोळ्यांवर चष्मा होताच, तरी मामाने त्यावर वेल्डिंगवाल्यांचा पारदर्शक गॉगल चढवायला लावला. या काचेचे दाणे बोथट असतात अशी समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. दाण्यांबरोबर सुईसारख्या कपच्याही निघतात, आणि त्यांपैकी एक पहिल्याच दिवशी, आसन झटकताना, माझ्या करंगळीत शिरली होती.

स्क्रू तीन निघाले. एक दार ओढून घेण्याच्या खोलगट मुठीत, नखाएवढ्या झाकणाखाली. दुसरा आतून दार उघडण्याच्या कडीच्या मागे. तिसरा खालच्या कडेला, मातीने इतका भरलेला की तो स्क्रू आहे हे बोटाने चाचपूनच कळले. आरशाच्या मागचे त्रिकोणी झाकण नुसते दाबून बसवलेले असते, ते अलगद ओढले. हे झाल्यावर उरतात त्या प्लास्टिकच्या क्लिपा, पॅडच्या कडेने ओळीत बसलेल्या. त्या उचकटण्यासाठी प्लास्टिकची खास पट्टी मिळते. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून लाकडी उलथण्याला सुती कापड गुंडाळून काम भागवले. पेचकस घातला असता तर रंग नक्की उडाला असता. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी, फटीत बोटे जातील इतकी जागा झाली की क्लिप नेमकी कुठे आहे ते पाहावे आणि तिच्या अगदी जवळ ओढावे. लांबून ओढले की क्लिप जागेवर राहते आणि पॅडचा तुकडा हातात येतो. पहिली क्लिप 'फट्' अशी सुटली तेव्हा मी काहीतरी मोडले असे समजून थांबले. मामा हसला. दारात भोके नऊ होती आणि क्लिपा सहा. तीन दुकानातल्या मुलाने आधीच मोडून टाकल्या होत्या, आणि खुळखुळाटातला एक सूर त्या मोकळ्या कोपऱ्याचाही असणार.

सगळ्या क्लिपा सुटल्या तरी पॅड हातात येत नाही, कारण त्याची वरची कड खिडकीच्या काठावर अडकवलेली असते. ते सरळ वर उचलावे लागते. आणि उचलल्यावर लगेच मागे ओढू नये, कारण कडीची तार आणि बटणांचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे खटके, मागून दाराला बांधलेलेच असतात. मामाने पॅड दोन्ही हातांनी धरले, मी मागून हात घालून कपलरची जीभ दाबून ते सोडवले, आणि कडीच्या तारेचे टोक तिच्या खाचेतून फिरवून काढले. ते कसे अडकवलेले होते याचा मोबाइलवर फोटो घेतला. एकच घेतला, आणि तोही हललेला, हे पुढे कळायचे होते.

आणि मग पडदा दिसला. खरे तर पडद्याचा अवशेष. खालचा अर्धा भाग मधोमध फाटलेला, त्यावर तपकिरी पॅकिंगची पट्टी तिरपी मारलेली, आणि ती पाण्याने कधीच सुटलेली. आईचे पायपुसणे ओले का होत होते याचे उत्तर इथे होते. काच राहिली याचा मला राग नव्हता, कारण गडबडीत ती राहू शकते. पण पडदा फाडून त्यावर टेप लावणाऱ्याला आपण काय करत आहोत हे त्या क्षणी माहीत होते.

पडदा चिकटवायला काळा, डिंकासारखा, न वाळणारा पट्टा वापरतात. केस वाळवायच्या यंत्राने तो ऊन केला की मऊ होऊन न फाटता सुटतो. आम्ही फक्त खालून वर, निम्म्यापर्यंत सोडवला आणि वरचा भाग गुंडाळून चिमट्याने अडकवला. आतल्या लोखंडी भोकातून विजेरी मारली. तळाशी बोटभर पाणी होते आणि त्यात काचेचा थर, पावसाळ्यात नदीच्या पात्रात खडी दिसावी तसा. निचऱ्याची तीन भोके होती, तिन्ही दाण्यांनी बुजलेली. भोकाच्या आकाराचा दाणा नेमका भोकातच जाऊन बसतो, त्यावर दुसरा टेकतो, आणि मधल्या फटी मातीने भरून जातात.

इथे मामाशी माझे मतभेद झाले. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारावी, दोन मिनिटांत सगळे बाहेर येईल, असे त्याचे म्हणणे होते. गिरणीत यंत्रांवरचा कापूस ते असाच उडवत. कापूस डोळ्यात गेला तर डोळा चोळून भागते, काचेचे तसे नाही. शिवाय हवेच्या झोताने कपच्या कुलपाच्या यंत्रणेत आणि काचेच्या मशीनच्या ग्रीसमध्ये जाऊन बसल्या असत्या, जिथून त्या पुन्हा कधीच निघाल्या नसत्या. मामाला हे पटले, पण आधी तो पाच मिनिटे नुसता चहा पीत बसला.

खराट्याच्या काडीने खालून भोके मोकळी केली. पाणी गुळण्या टाकल्यासारखे थांबत थांबत बाहेर आले. मोठे दाणे हाताने आणि जुन्या चमच्याने काढले. उरलेल्यांसाठी ड्रमवाला व्हॅक्यूम क्लीनर भाड्याने आणला होता. घरातल्या पिशवीवाल्याची पिशवी या काचेने फाटते आणि ओले त्याला चालत नाही. त्याचे तोंड दाराच्या भोकातून आत जाईना, तेव्हा बागेच्या नळीचा हातभर तुकडा त्याला टेपने जोडला. हे साधन इतके नामी ठरले की दाराच्या पुढच्या टोकाला, बिजागरीजवळच्या ज्या खबदाडात हात पोहोचत नाही, तिथूनही दाणे 'तड तड' करत वर आले. नळीने न निघणाऱ्या कपच्यांसाठी पातळ काठीवर रुंद चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि तळावर हलकेच टेकवत नेली. कापसाचा बोळा या कामाला वापरू नये. तो कपच्या उचलतो आणि त्या बोटांपर्यंत आणतो.

तळ स्वच्छ झाला की काम झाले असे वाटते, पण काच ज्या रबरी खाचेतून वरखाली सरकते ती खाच आम्ही शेवटी पाहिली आणि तिथे दाणे रबरात रुतलेले निघाले. नवी काच तीन आठवडे त्यांच्यावर घासत होती. तिच्या मागच्या कडेला केसासारखे दोन उभे ओरखडे उमटले आहेत. उन्हात तिरपे पाहिले तर दिसतात, आणि ते आता तसेच राहणार. जुन्या दात घासायच्या ब्रशाने खाच खरवडून काढली. स्पीकरच्या जाळीतूनही चारपाच दाणे पडले. आसनाच्या खालच्या रुळांतही काच जाते आणि आसन पुढे-मागे करताना ती रुळात दळली जाते, म्हणून तिथेही नळी फिरवली.

मामाच्या व्हर्निअरने एका दाण्याची जाडी मोजली, ३.२ मिलिमीटर भरली. काचेचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरतो. आमच्या खिडकीची काच साधारण ०.३ चौरस मीटर धरली तर तिचे वजन सुमारे २ किलो ४०० ग्रॅम येते. दारातून काढलेली काच वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली (आईच्या कडक निषेधाला न जुमानता, खाली दोन पिशव्या घालून), ती ६४० ग्रॅम भरली. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक काच आत घेऊन आम्ही घाट उतरत होतो.

तळाच्या शिवणीवर गंज नुकताच धरू लागला होता. पुसून, दिवसभर दार उघडे ठेवून वाळवून, गंजरोधक मेण फवारले. पडदा चिकटतो त्या कडेवर आणि रबरावर ते उडू नये म्हणून कागद लावला होता. पडदा नवा केला. जाड पॉलिथिन जुन्याच्या मापाने कापले आणि कडेने काळ्या चिकट पट्ट्याची नवी गुंडाळी लावली. या कामात घाई केली असती तर बाकीचा सगळा दिवस वाया गेला असता. खालची कड दाराच्या आत वळवून घालावी लागते, म्हणजे पडद्यावरून ओघळणारे पाणी पोटात पडेल, पॅडच्या मागे नाही. आधी ती बाहेर होती की आत, हे दुकानातल्या टेपमुळे कळायला मार्ग नव्हता. उजव्या दाराचे पॅड खालून जरा सैल करून पाहिले, तेव्हा खात्री झाली. पॅड लावण्याआधी खिडकीच्या फटीतून एक तांब्या पाणी ओतले. तिन्ही भोकांतून ते ओळीने गळाले आणि पडद्याची आतली बाजू कोरडी राहिली.

परत बसवताना क्रम उलटा, इतकेच लोक सांगतात. त्यात एक भर घालीन. पॅड बसवून, क्लिपा तळहाताने ठोकून झाल्या की दार लावण्यापूर्वी, ते उघडे असतानाच, कडेवरचे कुलूप पेचकसाने फिरवून बंद स्थितीत आणावे आणि मग आतली कडी ओढून पाहावी. मामाच्या आग्रहाने आम्ही हे केले आणि कुलूप हलले नाही. त्या हललेल्या फोटोवरून मी तारेचे टोक खाचेच्या अलीकडेच टेकवले होते. सगळ्या क्लिपा पुन्हा काढाव्या लागल्या, त्यांत एक जुनी मोडली. जुन्यांतल्या पाच उरल्या आणि चार नव्या घातल्या. नव्या चार मिळून चाळीस रुपयांच्या. आम्ही सहा घेऊन ठेवल्या होत्या, हे शहाणपण मात्र माझे. दुसऱ्या खेपेस कडी चालली. बॅटरी जोडली, काच दोनदा वरखाली केली, आरसा फिरवला, रेडिओ लावला. घड्याळ तेवढे शून्यावर गेले होते.

काच कचऱ्यात टाकण्याचा प्रश्न इंदुरात जरा गंभीरपणे घ्यावा लागतो. सकाळच्या गाडीत ओले, सुके असे वेगवेगळे कप्पे असतात आणि चुकीच्या कप्प्यात काही टाकले तर गाडीवरचा माणूस गल्लीदेखत परत देतो. मी दाणे रंगाच्या रिकाम्या डब्यात भरले, झाकण टेपने बंद केले आणि वर जाड अक्षरांत 'काँच' लिहिले. त्याने डबा हातात तोलून पाहिला, कशाची म्हणून विचारले, आणि कुठल्याच कप्प्यात न टाकता पुढे आपल्या पायाशी ठेवला.

श्रावणी सोमवारी पुन्हा जोराचा पाऊस आला. गाडी दारात उभी होती आणि आई ओसरीतून बघत होती. डाव्या दाराखालून पाण्याच्या तीन बारीक धारा फरशीवर पडत होत्या.

"अगं, दार गळतंय," तिने आत हाक मारली.

"किती ठिकाणी?" मी विचारले.

"तीन."

मी भाजी ढवळत राहिले.